धर्मादादाच्या अंगणातली माती

कुलाबा जिल्हा मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात, आणि शाळा माझी सहावीतच सुटली. म्हणून आमच्या कामगार मंडळाच्या चिटणिसांनी ‘जाऊन आलास ना, मग अंकासाठी लिही’ म्हटलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. पण नाही म्हणवेना. ज्या लोकांमुळे मला जायला मिळालं त्यांचे उपकार फेडण्याचा दुसरा काही मार्ग मला दिसत नाही. शिवाय आमच्या यवतमाळकडच्या माणसांनी समुद्र बघितलेला नाही, आणि इथल्या मंडळींनी बघितला असला तरी तो मुंबईचा.

कशासाठी गेलो ते आधी सांगतो. आमच्या कारखान्यात पेनिसिलिन होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी असतो बुरशीच्या खोलीत. काम म्हणजे काचेच्या नळ्या आणि थाळ्या उकळणं, धुणं, कापसाची बुचं वळणं, आणि साठेसाहेबांच्या हाताशी उभं राहणं. शिळ्या भाकरीवर हिरवी-निळी बुरशी धरते, तिच्याच जातीच्या बुरशीपासून हे औषध निघतं. पण रानातली बुरशी औषध देते ते चिमूटभर. म्हणून साहेब तिला एका जांभळ्या दिव्याखाली धरतात. त्या उजेडात बहुतेक सगळी मरते. वाचते तिच्यातली एखादी बिघडते, आणि बिघडलेल्यांतली एखादी अशी निघते की आईपेक्षा जास्त औषध देते. तिला वेगळी काढायची, वाढवायची, आणि पुन्हा दिव्याखाली धरायची. अशा कित्येक पिढ्यांनंतरची बुरशी आमच्या टाक्यांत वाढते. तिला मका भिजवलेलं पाणी, दुधातली साखर, गाळलेली हवा, सगळं वेळच्या वेळी लागतं. साहेब म्हणतात, ही आता बाहेर मातीत टाकली तर जगायची नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तिची दया आली होती.

आता धर्मादादा. तो दिघीच्या बाजूचा कोळी. आमच्याकडे औषधाची पावडर सुकवून बाटल्यांत भरण्याच्या खात्यात होता. मी नवा आलो तेव्हा मला राहायला जागा नव्हती. त्याने आपल्या खोलीत पथारी टाकू दिली, दिवसातून तीन वेळा भात खायला शिकवलं, आणि सुक्या बोंबलाच्या वासाने मी नाक धरलं की म्हणायचा, “वऱ्हाड्या, तुझ्या ज्वारीला तर वासपण न्हाय.” त्याच्याशिवाय मी पहिल्या महिन्यातच घरी पळालो असतो.

पण त्या पावडरीची धूळ त्याला बाधायला लागली. आधी हातांना खाज, मग पापण्या सुजायच्या, मग छाती घरघरायची. एकदा तर तो खात्यातच कोसळला. कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ अंगात भिनून आता पेनिसिलिन याच्यासाठी विष झालंय. ही सुई जन्मात घ्यायची नाही, घेतली तर जीव जाईल. आमच्या धंद्यात कुणाकुणाला असं होतं. दुसऱ्या खात्यात जागा देत होते, पण तो गावी गेला. निघताना खात्यातल्या मंडळींनी त्याला आठवण म्हणून पेनिसिलिनची एक बाटली दिली, त्यानेच भरलेली.

त्यानंतरच साहेबांचं मातीचं काम निघालं. मातीच्या चिमटीत बुरशीच्या नाना जाती असतात, आणि त्यांतली एखादी वेगळंच औषध करत असेल, पेनिसिलिन लागू पडत नाही अशा रोगांसाठी, किंवा धर्मादादासारख्या माणसांसाठी. खारी माती, वाडीची माती, भाताची माती, सगळी हवी होती. नळ्यांची पेटी धरायला माणूस पाहिजे होता. साहेबांनी मला विचारलं. मी मनात ठरवलं की धर्मादादाच्या घरची माती आणायचीच.

उरण

मिठागरांतले ढीग मला लांबून कापसाच्या गंजी वाटले. उन्हात डोळे उघडवत नव्हते. साहेब खाचराच्या बांधावर उकिडवे बसले, चमचा स्पिरिटच्या दिव्यावर लाल केला, निवू दिला आणि वरची माती बाजूला सारून खालची चिमूटभर नळीत घातली. मी बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. बूच नीट बसलं की नाही ते मी इतक्या वेळा बघत होतो की साहेब म्हणाले, आता तूच त्याच्यात पडशील.

मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. आम्ही सरकारी माणसं, मिठावर काही नवीन कर लावायला आलो, असा त्यांचा समज झाला होता. त्यांतल्या एका म्हातारीने पाटी न उतरवताच विचारलं, “घाटावर माती सरली काय रं?” साहेबांनी तिला अगदी मनापासून सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या पायाची टाच दाखवली. भेगांत मीठ जाऊन ती पांढरी पडली होती. यात जगणारं काही सापडलं तर त्याचं मलम करा आणि पहिलं आम्हाला द्या, असं तिचं म्हणणं. दुपारी त्यांनीच आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तांदळाची भाकरी पांढरी, मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. आमच्या ज्वारीच्या भाकरीला असा लाड चालत नाही. साहेब पुण्याचे, सुकटीकडे जरा वेळ बघत राहिले, मग मुकाट्याने खाल्ली. मागून घेतली तेही सांगायला हवं.

करंज्याहून रेवसला होडीने गेलो. समुद्राच्या पाण्यावर मी पहिल्यांदाच. पेटी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो आणि होडी हलली की नळ्या वाजतात का ते ऐकत होतो. उतरल्यावर साहेबांनी विचारलं, कसा वाटला समुद्र? तेव्हा लक्षात आलं की बघायचं राहूनच गेलं.

मुरूडच्या पुढे

अलिबाग, रेवदंडा, मुरूड ही सगळी वाटच नारळी-पोफळीच्या वाड्यांची. सावली इतकी की दुपारी संध्याकाळ वाटते. पाटाच्या कडेची काळी ओलसर माती आम्ही पुष्कळ घेतली. साहेब प्रत्येक चिमूट नाकाशी नेत आणि मलाही देत. वाडीच्या मातीला आमच्या विहिरीच्या थारोळ्याचा, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाचा, वास येतो. मला घर आठवलं.

राजपुरीहून खाडी ओलांडून दिघीला जायचं होतं. तिथे गेलो तर वारा चांगला, भरती चांगली, आणि सगळ्या होड्या मात्र वाळूवर ओढलेल्या. शिडं उतरवलेली, वल्ही आत टाकलेली. एक म्हातारा नाखवा जाळ्याजवळ नुसताच बसला होता. साहेबांनी जास्त भाडं देऊ केलं. तो रागावला नाही, पण मान हलवून म्हणाला, “आज दर्यात कोन जानार? गावातला मानूस गेलाय.” कोळीवाड्यात कुणी गेलं की त्या दिवशी कुणीही होडी पाण्यात घालत नाही, मग तो नात्याचा असो की भांडणातला. आमच्याकडेही गावात मौत झाली की औत जुंपत नाहीत, बैल दावणीलाच असतात. पण बैल घराच्या आत असतात, वाटसराला काही कळत नाही. इथे गावाचं दुःख किनाऱ्यावर उघडं पडलेलं असतं. ज्याला माहीत आहे त्याला ते भर समुद्रातूनही दिसतं.

त्या रात्री राजपुरीलाच राहिलो. सकाळी त्याच नाखव्याने आम्हाला पलीकडे सोडलं.

खाडीच्या तोंडाशी

धर्मादादाच्या गावाचं नाव लिहीत नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, दिघीच्या बाजूला, एवढं पुरे. मी वाटेत त्याला हाक कशी मारायची, तो कसा शिवी देऊन मिठी मारील, याचा विचार करत होतो. तो ओट्यावर बाजेवर पडला होता. जाळं झाडताना शिंगाळा माशाचा काटा उजव्या तळहातात खोल गेला होता. हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता. अंगात ताप. मला बघून हसला आणि म्हणाला, आलास ते बरं केलंस, माझ्या वाटचा भात कुणी तरी खायला पाहिजे होता.

पार्वतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, आम्हाला बघून इतकी आनंदली की तिच्या हातातलं पाणी सांडलं. कारखान्याची माणसं आली म्हणजे आता काळजी मिटली, असं तिने शेजारणींनाही ओरडून सांगितलं. मग मला घरात बोलावलं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ती बाटली होती. आमच्या कारखान्याची, रबरी बुचाची, आणि तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं. रोज पूजा होत असावी, कारण चिठ्ठी पार पिवळी झाली होती.

“भाऊजी, तुम्ही सांगा त्यांना. घरात औषध हाय, त्यांच्या हातचं हाय, आन् सुई घेत न्हायत. उद्या श्रीवर्धनहून कंपौंडर यायचाय. त्याच्याकडं सुई हाय, औषध मी देनार.”

मी दाराकडे पाहिलं. बाजेवरून धर्मादादा मला डोळ्यांनी नको म्हणत होता. तेव्हा कळलं की त्याने घरी काही सांगितलंच नव्हतं. दर्याची आठवण येत होती म्हणून नोकरी सोडली, असं सांगून तो आला होता. नंतर मला म्हणाला, औषधाच्या कारखान्यात जाऊन औषधच अंगाला सोसलं नाही, हे गावात कुठल्या तोंडाने सांगू? लोक हसले असते.

पण कंपौंडर उद्या येणार होता, आणि धर्मादादा तापात मधूनमधून कुठल्या कुठे जात होता. तो बेसावध असताना सुई टोचली असती तर? सांगणं आलं.

“वहिनी, या बाटलीने दुसरे वाचतात. दादाला ती चालत नाही. टोचली तर इथल्या इथे जीव जाईल. म्हणून तर तो परत आला.”

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग साहेबांकडे पाहिलं, त्यांनी होकाराची मान हलवली तेव्हा तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, “म्हंजे एवढे दिस मी हळद कुनाला वाहिली?”

ती बाटली उद्या कंपौंडरला देऊ नका, एवढंच मी पुन्हा सांगितलं.

साहेब लगेच बैलगाडीने श्रीवर्धनला गेले. पेनिसिलिनहून वेगळं औषध आता कॅप्सूलमध्ये मिळतं, पण ते मुंबईला, आणि महाग. साहेबांनी तिथल्या आपल्या मित्राला तार केली आणि बोटीची वाट बघत बसले. मी इकडे राहिलो. वहिनी मिठाच्या कढत पाण्याने हात शेकायची, मी पाणी गरम करायचो. घरात दोन लहान मुलं होती, त्यांना बाप कण्हायला लागला की बाहेर न्यायचो. शिमगा जवळ आला होता, पोरं होळीसाठी लाकडं ओढत होती. शेजारी आळीपाळीने मासळी आणून द्यायचे, कुणी सांगावं लागत नव्हतं. मी परका, तरी माझ्या ताटात मोठी तुकडी पडायची.

एकदा ताप जरा कमी असताना धर्मादादाने पेटीकडे बोट केलं. “वऱ्हाड्या, सगळ्या कोकनाची माती गोळा केलीस, माझी न्हाय? या अंगनाने आज्यापासून मासळीचं पानी पिलंय. काय तरी आसंल तिच्यात.”

मी चमचा तापवून आणला. तो उठून बसला आणि म्हणाला, मीच घेणार. डाव्या हाताने, वहिनीच्या खांद्याचा आधार घेऊन, मासळी वाळवायच्या चटईखालची माती त्याने उकरली आणि नळीत घातली. अर्धी बाहेर सांडली. बूच मी लावलं.

“औषध निघालं तर पहिली सुई मला,” तो म्हणाला. “ही तरी चालंल. घरची हाय.”

वहिनी म्हणाली, काय निघेल ते कळवा बरं का भाऊजी. मी शब्द दिला.

साहेब कॅप्सूल घेऊन आले. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं की ताप उतरला, हात बरा वाटला, तरी सगळ्या संपवायच्या, एकही ठेवायची नाही. पुन्हा एकदा सांगितलं. औषधाने गुण दिला. सूज ओसरायला लागली, ताप उतरला, धर्मादादाने पेज मागून घेतली. मी खिचडीसारखा भात कालवतो यावरून माझी थट्टा केली. आता निघायला हरकत नाही असं साहेबांना वाटलं, मलाही वाटलं. गावच्या वेशीपर्यंत मुलं पोचवायला आली होती.

म्हसळा

म्हसळ्याबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे मी फार आनंदात होतो आणि आता ते आठवायला नको वाटतं. समुद्र मागे राहतो, डोंगर जवळ येतात. भाताची खाचरं कापून रिकामी होती आणि लोक राब भाजत होते, म्हणजे जिथे रोपं करायची ती जागा पाला-शेण पसरून जाळून घेत होते. जळक्या जमिनीची मातीही साहेबांनी घेतली. एका मुसलमान चाचांच्या हॉटेलात आम्हाला पाव आणि चहा मिळाला. मातीची गोष्ट ऐकून त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. अल्ला तुमच्या हाताला यश देवो, म्हणाले. मी मुलांसाठी बाजारातून चिक्की घेतली. परतीची वाट धर्मादादाच्या गावावरूनच होती.

परतताना

म्हसळ्याहून भरतीच्या हिशेबाने मचव्याने खाडीतून खाली आलो. दोन्ही काठांना डोंगर, पाणी तेलासारखं. खाडीचं तोंड आलं तसा वारा सुटला, शीड भरलं. नाखवा खूश झाला, म्हणाला असा वारा म्हणजे आज सगळा कोळीवाडा दर्यात असणार.

वळण घेतलं आणि किनारा दिसला. सगळ्या होड्या वाळूवर होत्या. शिडं उतरवलेली.

नाखव्याने सुकाणू धरलेला हात कपाळाला लावला. गावात म्हातारी माणसं पुष्कळ आहेत, असं मी स्वतःशी म्हणत होतो. धर्मादादाची चुलती तर फारच थकलेली होती. मचवा टेकेपर्यंत मी तिचाच विचार करत राहिलो. मग ती चुलतीच पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिलेली दिसली.

त्याला सकाळीच नेऊन आले होते. ताप आम्ही गेल्यावर परत चढला, आणि या वेळी सूज दंड ओलांडून छातीकडे गेली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. साहेबांनी हळूच कॅप्सूलबद्दल विचारलं. तिने देव्हाऱ्याकडे मान केली. बाटलीच्या शेजारी कागदाची पुडी होती आणि तिच्यात उरलेल्या कॅप्सूल. पुडीवरही हळद.

“ताप उतरला तवा म्हनाले, ऱ्हाऊ दे ह्या. मुंबैहून आल्यात. पोरांना कवा तरी लागतील.”

साहेब ओट्यावर जाऊन बसले ते निघेपर्यंत आत आले नाहीत. मला धर्मादादाचा राग आला आणि लगेच रागाची लाज वाटली. दिवसभर बाटल्या भरणारा माणूस तो. खाली सांडलेली पावडर बघून त्याला चुटपुट लागायची. बरं वाटत असताना औषध पोटात घालायचं, हे त्याच्या हातून होणारच नव्हतं.

निघताना वहिनीने बाटली माझ्या हातात ठेवली. हळद पुसून ठेवली होती. “ज्याला चालंल त्याला द्या,” म्हणाली. कॅप्सूल साहेबांनी मागितल्या नाहीत. चिक्की मुलांनी घेतली आणि थोडी मलाच दिली.

मुरूडच्या दवाखान्यात मी ती बाटली दिली. तिथल्या माणसाने चिठ्ठी उजेडात धरून पाहिली, चालेल म्हणाला, आणि कपाटात इतर बाटल्यांत ठेवून दिली. क्षणात त्यांतली आपली कुठली ते ओळखू येईना.

घरी आल्यावर

प्रवास इथे संपला, पण माती अजून नळ्यांत होती. साहेबांनी एकेक माती पाण्यात कालवून थाळ्यांवर पसरली. थाळीवर आधीच रोगाचे जंतू पेरलेले असतात. बुरशीने औषध केलं तर तिच्याभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ कडं पडतं. मिठागरातल्या मातीत काही नाही. वाड्यांच्या मातीतून पुष्कळ उगवलं, कामाचं थोडं. धर्मादादाच्या थाळीवर एक हिरवी टिकली आली आणि तिच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखं कडं. मीच पहिल्यांदा पाहिलं. साहेबांना बोलवायला धावलो, वाटेत बादली लवंडली.

साहेबांनी ती वेगळी काढली, वाढवली, तिचं पाणी निरनिराळ्या जंतूंवर टाकून पाहिलं. मी रोज सकाळी लवकर यायचो. मग एकदा मला जवळ बोलावून ते म्हणाले, “पेनिसिलिनच आहे रे. आपलीच बुरशी ही. रानातली.”

त्याच्या अंगणात, त्याच्या मासळीच्या चटईखाली तीच होती.

कमी औषध देणारी म्हणून ती ठेवण्यासारखी नव्हती. थाळी धुवायला माझ्याकडे आली. ठेवू का, असं विचारावं वाटलं, पण काय सांगून विचारणार? नियमाप्रमाणे उकळत्या पाण्यात टाकली, मग घासली, पालथी घातली.

वहिनीला मी अजून कळवलेलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं तर जरूर जा, शिमग्याच्या सुमाराला हवा चांगली असते. तांदळाची भाकरी खा. चांगल्या वाऱ्याच्या दिवशी होड्या वाळूवर दिसल्या तर भाड्यासाठी घासाघीस करू नका. आणि खाडीच्या तोंडाशी एखादी बाई विचारील, तुम्ही घाटावरच्या औषधाच्या कारखान्यातले का, आमच्या अंगणातली माती नेली होती तिचं काय झालं? तर तिला सांगा, अजून तपासतायत.